दुहेरी खांद्याचा सदरा

वहिनीच्या कारखान्यात मी नेमकं काय काम करत होतो, ते मला आजही धड सांगता येणार नाही. वाचनालयातून निवृत्त झालो त्याच्या आदल्या वर्षी माझी बायको, सरला, गेली होती. घरी दिवसभर पुस्तक उघडून बसायचो, पण पान उलटायचं भान राहत नसे. तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, घरात बसून भिंतीला टेका देण्यापेक्षा इथं येऊन बसा. इंग्रजी कागद आला तर वाचून दाखवा, नाही आला तर नुसते बसा. पंखा आहे."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, विद्युल्लता. दादा गेल्यावर भिवंडीतल्या कामतघर भागातली ती कारखान्याची शेड तिनं एकटीनं चालवली. आजूबाजूला सगळीकडे कापडाचे माग. आमच्याकडे मात्र चार बोटांहून रुंद काही निघत नसे. खाटांची नवार, दप्तरांचे पट्टे, ट्रकवरची ताडपत्री आवळायचे पट्टे. गल्लीतले लोक तिला 'नाडीवाल्या बाई' म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी.

मागांच्या खडखडाटात प्रत्येक जण ओरडूनच बोले. माझा आवाज मुळातच बारीक. तिथं मी बोललेलं कुणाला ऐकू जात नसे, आणि खरं सांगायचं तर ते मला सोयीचं होतं.

माझ्या डाव्या खांद्याला कायम कापडी पिशवी असे आणि तिच्यात पुस्तकं. मी शेडमध्ये शिरलो की वहिनी हमखास विचारी, "काय भाऊजी, आज विटा किती आणल्यात?" पुस्तकं मी फारशी वाचत नव्हतो तेव्हा. पण रिकाम्या खांद्यानं रस्त्यात चालायला कसंतरीच वाटे. सदऱ्यांबद्दलही ती बोले. "कॉलर बघा जरा. माणसं म्हणतील, वहिनी दिराला उपाशी ठेवते." मी म्हणे, चालतोय अजून. सरलेनं शिवलेले तीनच सदरे उरले होते. बाजारातून आणलेले सदरे पिशवीच्या पट्ट्यानं डाव्या खांद्यावर सहा महिन्यांत विरत. सरलेचे विरत नसत. असं का, याचा मी तिच्या हयातीत कधी विचार केला नव्हता.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. सरलेचा भाचा सुधीर एका कंपनीत होता. धरणांचे दरवाजे पाण्याखालून साफ करायचे, दुरुस्त करायचे, पुलाच्या पायांना तडे गेले असतील तर बुडी मारून बघायचं, असली त्या कंपनीची कामं. सुधीर पाणबुड्यांच्या टोळीवरचा साहेब. तो आदल्या हिवाळ्यात एक स्टीलची पाटी आणि एक झिजलेला पट्टा घेऊन आमच्याकडे आला होता.

पाणबुड्याच्या पाठीवर ही पाटी असते, पाटीला हवेची टाकी. पाटीला खाचा पाडलेल्या असतात. त्यांतून पट्टा ओवून दोन्ही खांद्यांवरून पुढे घ्यायचा, काखेखालून मागे, आणि शेवटी कमरेला बक्कल. एक पट्टा दोन पायांमधून येतो, म्हणजे ओझं डोक्याकडे सरकत नाही. सुधीर त्या सगळ्याला 'हार्नेस' म्हणे. मोमीनचाचा, आमचा जुना कारागीर, त्याला 'घोडे का साज' म्हणत.

"खाचेपाशी घासतो आणि तुटायला येतो," सुधीर म्हणाला. "बाहेरून मागवायचा तर परवडत नाही. मावशी असत्या तर त्यांनी घरीच शिवून दिला असता."

"मग आम्ही काय नाड्याच विणायच्या का?" वहिनी म्हणाली. "ठेव ती पाटी इथं."

माझ्या वाट्याला त्यात थोडं काम आलं. भिवंडीत परदेशी रद्दीची गोदामं आहेत, तिथून मी मासिकं आणत असे. त्यांतल्या एकात पाण्यानं भरलेल्या गुहांमध्ये खोल जाणाऱ्या लोकांविषयी लेख होता. ते लोक तुकडे जोडून केलेला पट्टा वापरत नाहीत, एकच सलग पट्टा ओवतात, कारण जितके जोड तितक्या तुटायच्या जागा. मी ते मराठीत उतरवून सुधीरला दिलं. नंतर आठवडाभर मला वाटत राहिलं की एखाद्या शब्दाचा अर्थ उलटा तर लागला नसेल. पण पट्टा तसा झाला, निव्वळ नायलॉनचा, दाट विणीचा. सुधीरनं जीपला बांधून ओढून बघितला. काही झालं नाही त्याला.

पण त्या पट्ट्यानं दौलतचा खांदा सोलून काढला.

दौलत म्हणजे आमच्याकडे शिलाईच्या मशीनवर बसणाऱ्या सोमीचा नवरा. पडघ्याच्या पलीकडे डोंगराकडेला त्यांचा पाडा. आधी तो खाडीत रेतीच्या डुब्या मारायचा. दम कोंडून खाली जायचं, बादलीभर रेती घेऊन वर यायचं, दिवसभर तेच. त्याच्या भावाचे, धाकल्याचे, दोन्ही कान त्यात गेले. आता त्याला हाक मारायची तर पुढे जाऊन उभं राहावं लागतं. सोमीनंच सुधीरच्या मागे लागून दौलतला धरणाच्या कामावर चिकटवला. तिथं निदान हवा मिळते, ती म्हणायची.

वैशाखाच्या सुरुवातीला एक दिवस ती मशीन सोडून उठली आणि वहिनीच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. पाठोपाठ दौलत. त्यानं सदरा काढला. डाव्या खांद्यावर, गळ्याच्या हाडाशेजारी, तळहाताएवढी जखम. उजव्या हातात हत्यार धरायचं, म्हणून सगळा भार डावीकडे येतो, असं तो म्हणाला. पाण्यात जखम सुकत नाही. सुकली तर दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा उघडी करतो.

"आपलाच पट्टा हाय बाई," सोमी म्हणाली. "मीच बक्कल लावलाय त्याला. माझ्या हातानं माझाच मानूस कापला."

"खाली बनियन घालत नाहीस का रे?" वहिनीनं विचारलं.

"घातला व्हता. पट्ट्याखाली त्याचा गोला व्हतो. त्या चुन्या पट्ट्यापेक्षा जास्ती सोलतात. आनि रबराचा कपडा साहेबांच्या मापाचा हाय, आमच्या मापाचा न्हाय."

सुधीरनं त्याला सांगितलं होतं, पुढच्या सोमवारी कंपनीचा डॉक्टर येणार. उघड्या जखमेनं कुणालाही पाण्यात उतरू देणार नाहीत. पावसाआधी दरवाजे व्हायलाच हवेत, तेव्हा दौलत नसला तर दुसरा माणूस घेतील.

"मंग मी जातो रेतीवर," दौलत म्हणाला. जणू बाजारात जातो म्हणावं इतक्या सहज.

"तू जा रेतीवर," सोमी म्हणाली. "मी जाते म्हायेरी. भैऱ्या मानसाशी भांडन करून घसा कोन फोडंल?"

ती हे हसून बोलली, पण तिचे डोळे हसत नव्हते. वहिनीनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

पट्टा मऊ करायला हवा होता. आणि भिवंडीत मऊ म्हणजे सूत. यात विचार करण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. मोमीनचाचांनी उभे धागे नायलॉनचेच ठेवले आणि आडव्या धाग्यासाठी धोट्यात सुती कांडी भरली. "ताकत नायलॉन की, नरमी सूत की," ते म्हणाले. "बाईजी, इस पे तो आदमी सो जाएगा."

पट्टा निघाला तो खरोखर सुरेख होता. हाताला धुतलेल्या धोतरासारखा लागत होता आणि ओढला तर तसाच चिवट. वहिनीनं तो रीतीप्रमाणे रात्रभर पिंपात भिजत घातला. ही नवारीची रीत. सुताची नवार आटते, म्हणून विकण्याआधी ती एकदा भिजवायची, उन्हात वाळवायची, मगच ताणून मापायची. दादाच्या वडिलांपासून, म्हणजे माझ्याही वडिलांपासून, हे असंच चालत आलेलं. पट्टा भिजला, पत्र्यावर वाळला, चार बोटं आटला. मग सोमीनं बक्कल लावलं. दौलतनं तो पाटीसकट अंगावर चढवला आणि शेडमध्ये इकडून तिकडे चालून दाखवलं. मोमीनचाचांनी टाकीच्या जागी सुताचं अख्खं बाचकं त्याच्या पाठीला बांधलं. तो तसाच भिंतीला टेकून बसला आणि खरंच थोडा वेळ पेंगला. सगळे हसले. सोमी त्याच्याजवळ उभी राहून दोन बोटांनी पट्ट्याची कड पुन्हा पुन्हा चाचपत होती.

सुधीरची अट होती की नवा पट्टा आधी त्याच्या देखत पाण्यात वापरून दाखवायचा. शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून शुक्रवार ठरला. वऱ्हाळा तलाव शेडपासून लांब नाही. एवढ्या दिवसांच्या विश्रांतीनं दौलतच्या जखमेवर पातळ खपली धरली होती.

सकाळीच ऊन चटका देत होतं. माग बंद असले की कामतघर ओळखीचं वाटत नाही. कानांत उगीच काहीतरी वाजत राहतं. वहिनी चहाचा थर्मास घेऊन पायरीवर बसली. मी पिशवी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी. मला आदल्या रात्री नीट झोप लागली नव्हती, पण तसं ते नेहमीचंच होतं.

"भाऊजी, पुस्तक आणलंयत का? वेळ जायचा."

"आणलंय."

"मला वाटलंच. बुडणाऱ्याला वाचून दाखवाल तुम्ही."

दौलत अर्ध्या चड्डीवर पाण्यात उतरला. कमरेला दोरी, दोरीचं टोक सुधीरच्या हातात. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. तलावात तिथं दोन पुरुष पाणी. काम सोपं होतं. तळाशी बसायचं, बक्कल सोडून सगळं ओझं अंगावरून उतरवायचं, पुन्हा चढवायचं आणि वर यायचं. ज्याला पाण्याखाली ओझं उतरवता येत नाही त्याला सुधीर कामावर घेत नसे. खाली कुठं अडकला तर तेवढाच मार्ग असतो.

दौलतनं डोकं आत घेतलं. बुडबुडे येऊ लागले. सोमी पदर खोचून अगदी काठावर उभी होती.

बराच वेळ बुडबुडे एकाच जागी येत होते. मग ते भराभर यायला लागले.

"काय करतोय हा?" सुधीर पुटपुटला. दोरीला एक हिसका आला. थोड्या वेळानं आणखी एक. मग तीन-चार एकदम, काहीच अर्थ न लागणारे.

"ओढा!" सोमी ओरडली. "साहेब, ओढा ना!"

"दोन आले तर ओढायचं, नाहीतर तो—"

"मोजताय काय! ओढा!"

सुधीरनं ओढलं. दोरी जड येत होती. सोमी पाण्यात शिरली. मी केव्हा उठलो, पिशवी केव्हा खाली टाकली, मला आठवत नाही. चपला गाळात गेल्या तेव्हा कळलं की मीही कमरेइतक्या पाण्यात दोरी धरून उभा आहे. दौलत वर आला तो आडवा. त्याचा डावा हात कोपरात दुमडून खांद्याच्या पट्ट्यात अर्धवट अडकला होता, पंख बांधलेल्या कोंबडीसारखा. तोंडातली हवेची नळी निम्मी सुटली होती. त्याला उभं राहता येईना. सोमीनं त्याची मान काखेत धरली आणि तोंड पाण्यावर ठेवलं.

"बक्कल! बक्कल सोडा!" सुधीर ओरडत होता. त्यानं सोडून पाहिलं. मीही पाहिलं. पट्टा बक्कलात हलत नव्हता. वर नाही, खाली नाही. पाटीच्या खाचांतही तो ठासून बसला होता, त्यामुळे खांद्यावर सैल होईना.

सुधीरनं सुरी काढली. ओला पट्टा सुरीखालून निसटत होता. दाट वीण, नायलॉनचा ताणा. इतका मजबूत पट्टा आमच्या शेडमधून आधी कधी निघाला नव्हता. वहिनी पायरीवरून ओरडली, "खाचेपाशी काप! तिथं झिजलेला असतो!"

"नवा आहे तो, काकू!"

सोमीच्या गळ्यात धागे तोडायची बारकी कातर दोऱ्यानं लटकत असायची. एका हातानं नवऱ्याची मान धरून दुसऱ्या हातानं ती पट्टा दुसऱ्या कडेनं कातरायला लागली. थोडं ती, थोडं सुधीर. मी पट्टा ताणून धरला होता. एवढंच माझ्याकडून होत होतं, आणि तेही नीट होतंय की नाही, याची मला खात्री नव्हती. शेवटी तो तुटला तेव्हा मी मागच्या मागे पाण्यात बसलो.

दौलतला पायरीवर आणला. तो खोकला, पाणी ओकला, मग गुडघ्यांत डोकं घालून बसला. वहिनीनं चहा ओतला, पण कप त्याच्यापुढे करायचं तिला सुचलं नाही, ती तो हातातच धरून राहिली.

मग दौलतनं डोकं वर केलं. "खांदा मातर येक डाव पन दुखला न्हाय," तो म्हणाला.

सोमीनं तुटक्या पट्ट्याचं टोक उचललं आणि त्याच्या पाठीत मारलं. एकदा, दोनदा. मग तिथंच बसून रडायला लागली.

वहिनीनं ते टोक तिच्या हातातून काढून घेतलं. वाकवून पाहिलं. पट्टा भिजवलेल्या वालासारखा टम्म फुगला होता, लाकडासारखा ताठ. "आटायचं ते आटून झालं होतं," ती म्हणाली. "फुगायचं राहिलं होतं." टोक पुन्हा वाकवत, "वाळवून बघितला आपण. ओला असताना हात लावून बघितलाच नाही. खाटेवर कोण ओलं झोपतं?"

तिचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एरवी मागांच्या आवाजात ते दिसत नसे.

सुधीर जीपमधून जुना पट्टा लावलेली दुसरी पाटी घेऊन आला. नुसत्या नायलॉनचा, आमचाच. "दौलत," तो हळू बोलला, "मला आता हाच वापरावा लागेल. हा पाण्यात सुटतो, त्याची खात्री आहे. पण सोमवारी डॉक्टरला खांदा दाखवायचाय. आत्ता हा चढवून तू बुडी मारलीस आणि खपली निघाली..."

"आनि न्हाय मारली त?"

"तर मी पास करू शकत नाही. आज बघितलं मी जे बघितलं ते."

"म्हंजे दोनी बाजूंनी रेतीच," दौलत म्हणाला. तो आता थरथरायला लागला होता. ऊन एवढं असूनही त्याचे दात वाजत होते. भीती अशी उशिरा येते, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

मला काहीतरी करायला हवं होतं. मी सदरा काढून त्याच्या अंगावर टाकला. माझा सदरा काही फार कोरडा नव्हता, पाठ सगळी भिजलेली. पण त्यानं हात घातले. छातीवर बटणं लागेनात, तेव्हा खालची टोकं गाठ मारून बांधली.

"मास्तर, तुमी गारठाल," तो म्हणाला. मी कधीच मास्तर नव्हतो, पण शेडमधले सगळे मला मास्तर म्हणत.

"असू दे."

थरथर थांबेपर्यंत तो बसून राहिला. मग एकदम उठला. "चला साहेब. घाला पाटी. व्हायाचा तो व्हईल."

"न्हाय," सोमी म्हणाली.

"सोमे, वर येताना मी सोताच्या हातानं बक्कल सोडून येतो का न्हाय बघ."

सदरा काढायचं त्याच्या ध्यानात आलं नाही आणि आम्हीही कुणी सांगितलं नाही. सुधीरनं पाटी चढवली, टाकी लावली, पट्टा आवळला. दौलतनं डावा खांदा वर केला, खाली केला. पुन्हा वर केला.

"अरं," तो म्हणाला.

"काय झालं? लागतोय?"

"न्हाय. लागत न्हाय."

सोमी पुढे आली. तिनं पट्ट्याखाली बोटं घालून सदऱ्याचा खांदा चाचपला, मग कॉलर मागे सारून आतून पाहिलं. आत दुसरं कापड होतं, आणि त्याच्या आत आणखी. जुन्या मऊ पातळाचे पदर, एकावर एक, बारीक धावदोऱ्यानं गोधडीसारखे जवळजवळ शिवलेले. हलणार नाहीत, गोळा होणार नाहीत असे.

"मास्तर, हा कोनी शिवला?"

"बायकोनं."

"खांद्यालाच कशाला?"

मी पायरीवर पडलेल्या पिशवीकडे पाहिलं. "पिशवीचा पट्टा लागत असेल म्हणून," मी म्हणालो. "मी कधी सांगितलं नव्हतं तिला. लागतो म्हणून."

"सांगायला कशाला पाहिजे," वहिनी म्हणाली. "धुवायला टाकलेला सदरा बघून कळतं." मग तिनं हातातला गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

दौलत उतरला. या वेळी सुधीरनं हिसके मोजले नाहीत, दोरी नुसती सैल धरून बुडबुड्यांकडे बघत राहिला. सोमी पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती आणि तिच्या ओठांशी काही चाललं होतं, देवाचं नाव की शिव्या, कळत नव्हतं. वेळ फार गेला नसावा. मला तो लांब वाटला.

आधी पाटी वर आली, टाकीसकट, दोन हातांवर धरलेली. मग दौलतचं डोकं. त्यानं सगळं ओझं काठावर ठेवलं आणि स्वतः मोकळाच वर चढून आला. सोमीनं त्याचा सदरा खांद्यावरून खाली ओढला. डाव्या खांद्यावर पट्ट्याचा ठसा होता, विणीच्या रेघा दिसत होत्या. खपली जागेवर होती. उजवा खांदा मात्र लाल झाला होता, कारण सरलेनं एकाच बाजूला कापड घातलं होतं. मी पिशवी उजव्या खांद्याला कधी लावत नसे.

"दिवसभर असाच टिकेल?" सुधीरनं विचारलं.

"टिकंल," सोमी म्हणाली. "उजव्या अंगाला मी लावते. नवा फडका न्हाय चालायचा, जुनाच पायजे. धुऊन धुऊन पार मेलेला."

"माझी पातळं काय कमी मेलेली आहेत?" वहिनी म्हणाली. "ये संध्याकाळी घेऊन जा." मग सुधीरकडे वळून, "आणि पट्टा तोच राहू दे, नायलॉनचा. त्यात आता आमचं डोकं चालवत नाही. खाचेपाशी झिजला की नवा ने. झिजणारच तो."

"सोमवारी सहाला जीप येईल," सुधीर दौलतला म्हणाला. एवढंच. सोमीनं तोंडावरून हात फिरवला आणि तुटका पट्टा गुंडाळायला घेतला. चांगला माल टाकवत नाही कुणाला.

सदरा दौलतच्या अंगावरच होता. त्यानं गाठ सोडायला घेतली. "राहू दे," मी म्हणालो. "सोमवारी लागेल." म्हणालो खरा. मनातून म्हणालो की तोंडदेखलं, ते मला ठरवता आलं नाही. घरी असे आता दोनच राहणार होते.

"दुसरा शिवून दीन तुमाला, मास्तर," सोमी म्हणाली. "अस्साच."

"अस्सा नको. साधा दे."

तिनं मान हलवली.

सगळे आवरायला लागले. मी गाळातून एक चप्पल शोधली, दुसरी मिळाली नाही. ओलं धोतर, वर नुसता बनियन, पायात एक चप्पल. इतक्या वर्षांत मी कामतघरातून असा कधी गेलो नव्हतो. वाचनालयात येणारी माणसं वाटेत भेटतील, ही धास्ती होती.

"रिक्षा करा, भाऊजी," वहिनी म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील, नाडीवाल्या बाईनं दिराचे कपडेही काढून घेतले."

"चालतो. जवळ तर आहे."

मी पिशवी उचलून डाव्या खांद्याला लावली आणि निघालो. तलावाची कड संपून रस्ता लागला. बंद मागांच्या शेडी, दारांत बसलेली माणसं. कुणी हाक मारली नाही. थोडं पुढे गेल्यावर पिशवीचा पट्टा खांद्याला लागायला लागला. बनियनच्या बंदाशेजारी, गळ्याच्या हाडाजवळ, नेमक्या त्याच जागी. एवढी वर्षं ती पिशवी मी वाहत होतो आणि तिचं वजन मला माहीत नव्हतं.

मी थांबून ती उजव्या खांद्याला घेतली. तिथंही लागत होतीच. मग पुन्हा डाव्याला घेतली आणि चालायला लागलो.